आजीचा फोटो कुठे गेला?

दोस्तांनो, आमच्या भोकरच्या घरात बैठकीच्या भिंतीवर माझ्या आईचा एक फोटो लावलेला आहे. चौकट अगदी लहान, तुमच्या वहीच्या अर्ध्या पानाएवढी. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अहो, आईचा फोटो एवढासाच का लावला?" त्या एवढ्याशा फोटोमागे एक मोठी गोष्ट आहे. ती आज तुम्हाला सांगायची आहे. तुमच्या आईबाबांनाही ती वाचून दाखवा बरं का! कारण चूक त्यात आम्हा मोठ्या माणसांचीच जास्त होती.

माझी भाची नववीत आहे. तिला फोटोग्राफीचं भारी वेड. माझा जुना १२ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा मी तिला देऊन टाकला, आणि मग काय विचारता! मुदखेड-आदिलाबाद मार्गावरची गाडी भोकर स्टेशनात शिरताना, बाजारातल्या मिरच्यांचे ढीग, पहिल्या पावसात भिजलेलं कुत्रं, जे दिसेल त्याचा फोटो. उन्हाळ्याच्या सुटीत तिनं आजीला धरलं. आजी गच्चीवर कुरड्या घालत होती, पापड वाळवत होती, दुपारी चष्मा नाकावर घेऊन गहू निवडत होती. भाची कॅमेरा घेऊन सतत मागे मागे.

"मला कशाला काढतीस गं माय? त्या शेळीचा काढ की," आजी म्हणायची. पण पदर मात्र हळूच सारखा करायची.

तीन रविवारांत तीनेकशे फोटो झाले. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. भाचीनं सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर घेतले आणि कार्ड रिकामं केलं. इथवर सगळं ठीक होतं.

पावसाळ्यात तो कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्यानं विचारलं, "सगळं पुसून नवं टाकावं लागेल. आत काही कामाचं आहे का?" आमचे भाऊजी म्हणाले, "काही नाही हो, लेकरांचे गेमच आहेत." झालं! हार्ड डिस्क साफ. कॉम्प्युटर नव्यासारखा पळू लागला. भाचीनं घरी येऊन तो उघडला, आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"मामा, फोटो समदे गेले की!"

तेव्हा आम्ही तिची समजूत घातली. "अगं, आजी आहे ना घरात, पुन्हा काढ." पण त्या पौषात आजी गेली. पुन्हा काढायचं राहूनच गेलं.

नऊ फोटो सापडले!

तेराव्याला फोटो हवा होता. सगळ्यांचे मोबाइल शोधले. शेवटी हैदराबादच्या मावशीच्या व्हॉट्सअॅपवर नऊ फोटो सापडले. भाचीनंच कधीतरी तिला पाठवले होते. त्यातला गच्चीवरचा, कुरड्या घालतानाचा फोटो सगळ्यांना आवडला. आम्ही तो मोठा करायला स्टुडिओत दिला. स्टुडिओवाले काका म्हणाले, "मोठा केला तर फाटंल हो. एवढासाच नीट येईल."

असं का व्हावं? इथे थोडं गणित करू. घाबरू नका, पाचवीचंच आहे.

डिजिटल फोटो म्हणजे रंगाच्या बारीक ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. भाचीच्या कॅमेऱ्याचा फोटो होता ४००० ठिपके लांब आणि ३००० ठिपके रुंद. गुणाकार करा : १ कोटी २० लाख ठिपके, म्हणजेच १२ मेगापिक्सेल. कागदावर चांगला फोटो छापायला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. ४००० भागिले ३०० म्हणजे सुमारे १३ इंच, आणि ३००० भागिले ३०० म्हणजे १० इंच. मूळ फोटो असता तर भिंतीवर छान मोठी चौकट लागली असती.

पण व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो लवकर पोचावा म्हणून लहान केला जातो. मावशीकडे पोचलेला फोटो १६०० बाय १२०० ठिपक्यांचा होता. आता भागाकार करा. लांबी जेमतेम सव्वापाच इंच, रुंदी चार इंच! आमच्या चौकटीचं माप त्यातून आलं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. महत्त्वाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग तो जसाच्या तसा जातो.

पुसलेला फोटो जातो कुठे?

भाचीनं मला एक फार चांगला प्रश्न विचारला. "मामा, फोटो पुसला म्हणजे तो नेमका जातो कुठं?"

असं समजा की हार्ड डिस्क हे एक मोठं ग्रंथालय आहे. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे याची नोंद दारातल्या एका रजिस्टरमध्ये असते. तुम्ही फाईल 'डिलीट' करता तेव्हा बहुतेक वेळा पुस्तक लगेच जाळलं जात नाही. फक्त रजिस्टरमधली नोंद खोडली जाते आणि ती जागा 'रिकामी' समजली जाते. पुढे नवं पुस्तक आलं की ते त्या जागी ठेवलं जातं. जुनं खरं नाहीसं होतं ते तेव्हा.

म्हणूनच कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले तर त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. कार्ड ताबडतोब बाहेर काढून ठेवायचं. 'फोटोरेक' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम असे फोटो पुष्कळदा शोधून देतो. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोज, प्रोग्रॅम आणि गेम पुन्हा भरले होते. जुन्या पुस्तकांच्या जागी नवी पुस्तकं येऊन बसली होती. हल्लीच्या एसएसडीमध्ये तर पुसलेली जागा आतल्या आतच मोकळी करून ठेवली जाते. तिथे फोटो परत मिळण्याची आशा फारच थोडी.

अजिंठ्याची दोनदा जळलेली चित्रं

तुम्हाला वाटेल, असा गाढवपणा आमच्याच घरी झाला! नाही दोस्तांनो. आपल्या मराठवाड्यातच याहून फार मोठी गोष्ट घडून गेली आहे.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला अजिंठ्याला पाठवलं. काम काय, तर लेण्यांतल्या भिंतींवरच्या चित्रांच्या हुबेहूब नकला कॅनव्हासवर उतरवायच्या. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हापावसात त्यानं वर्षानुवर्षं हे काम केलं. तयार झालेली चित्रं इंग्लंडला गेली आणि लंडनजवळ सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली. प्रदर्शनातली चित्रं जळून गेली. जी थोडी तिथे नव्हती, तेवढीच वाचली!

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. १८७२ पासून पुढे कित्येक वर्षं त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. आणि १८८५ साली तिथेही आग लागली! त्यांतलीही पुष्कळ चित्रं गेली.

दोन्ही वेळा चूक एकच. मेहनत अफाट, पण बहुतेक सगळा ठेवा एकाच छपराखाली. बरं, मधल्या काळात लेण्यांतल्या भिंतींवरचे मूळ रंगही ठिकठिकाणी गळून पडले. म्हणजे जळालेल्या नकलेत जे होतं, ते सगळंच आज भिंतीवर सापडेल असंही नाही. गिलनं नंतर कॅमेऱ्यानं लेण्यांचे फोटोही काढले होते. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे फोटो काढवून घेतले आणि ते मोठ्या ग्रंथांतून छापले. छापील पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या. एका ग्रंथालयाला आग लागली तरी दुसरीकडची प्रत राहणारच.

आता दुसरी गोष्ट ऐका, ही तुमच्या आवडीची आहे. 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा १९९९ साली आला. तो तयार होत असताना, १९९८ मध्ये, कुणीतरी कॉम्प्युटरला चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाईली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. आधी वुडीची टोपी गेली, मग बूट, मग वुडीच गेला! सगळे म्हणाले, काळजी नको, बॅकअप आहे. बॅकअप उघडून पाहिला, तर तोच बिघडलेला! शेवटी गेलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत निघाली. त्यांना तान्हं बाळ होतं, त्यामुळे त्या घरून काम करायच्या. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, लेकरासारखा गाडीत ठेवून स्टुडिओत आणला गेला.

म्हणजे बॅकअप नुसता असून भागत नाही. तो अधूनमधून उघडून पाहावा लागतो.

तीन-दोन-एक!

फोटो सांभाळणाऱ्या लोकांचा एक सोपा नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं तो लोकांपर्यंत पोचवला. लगोरी खेळताना म्हणता तसं म्हणा : तीन-दोन-एक!

तीन : प्रत्येक फोटोच्या तीन प्रती.
दोन : त्या निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर.
एक : त्यांतली एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी.

आमच्या घरी आता असं आहे. पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क काम झालं की काढून लोखंडी कपाटात ठेवतो. सतत जोडून ठेवायची नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला किंवा वीज कडाडून बिघाड झाला तर दोन्ही एकदम जायच्या. तिसरी प्रत हैदराबादच्या मावशीकडे. दिवाळीला ती येते तेव्हा जुनी डिस्क आणते आणि नवी घेऊन जाते. फराळाच्या डब्यासारखी देवाणघेवाण!

घराबाहेर कशाला, असं वाटतं ना? आपल्या भागाला हे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीची घरं क्षणात खाली आली. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात किती घरांत पाणी शिरलं ते तुम्ही पाहिलंच. अशा वेळी आधी माणसं वाचवायची, मग गुरंढोरं. फोटोकडे पाहायला कुणाला वेळ असतो? पण घरातलं कुणी गेलं की मागे राहिलेला माणूस त्याचा एखादा फोटो शोधत फिरतो. तो दुसऱ्या गावी सुखरूप असला म्हणजे झालं.

"मामा, मग गूगल फोटोजवर टाकलं की झालं ना?" भाचीनं विचारलं. तिसरी प्रत म्हणून ते चांगलंच आहे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, फुकट जागा १५ जीबी, आणि तीही तुमच्या ईमेलसकट. १ जून २०२१ पूर्वी तिथे फोटो अमर्याद ठेवता यायचे, आता नाही. दुसरी, मोबाइलमधून तुम्ही फोटो पुसलात तर तिथूनही तो पुसला जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. आरशात प्रतिमा असते, पण तुम्ही समोरून हटलात की तीही हटते, तसंच हे. तिसरी, पासवर्ड विसरला तर सगळं कुलूपबंद. तो आईबाबांच्या वहीत लिहून ठेवा.

आणि पेन ड्राइव्ह? फोटो एका घरून दुसऱ्या घरी न्यायला तो उत्तम. पण वर्षानुवर्षं जपायला त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. तो हरवतो, खिशात धुतला जातो, आणि नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी आतली नोंद पुसट होऊ शकते.

मग कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

दहावीनंतर भाचीला चांगला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं होतं. ते आम्ही एक वर्ष आधीच केलं. नांदेडला गेलो. भाचीच्या वहीत यादी तयार होती आणि यादीत पहिलंच नाव होतं भल्या मोठ्या ग्राफिक्स कार्डाचं!

"ते गेमसाठी लागतं की फोटोसाठी?" मी विचारलं. ती हसली. ओळीवर काट मारली. साध्या फोटोकामाला कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेली ग्राफिक्स पुरते. छंदासाठी खरं काय लागतं ते पाहा.

जागा : भाचीचा एक फोटो सुमारे ४ एमबीचा. रविवारी १०० फोटो म्हणजे ४०० एमबी. वर्षाचे ५२ रविवार धरले तर जवळजवळ २१ जीबी. 'रॉ' प्रकारात काढले, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी माहिती न दाबता ठेवली, तर याच्या चार-पाच पट. म्हणून विंडोज आणि प्रोग्रॅमसाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि फोटोंसाठी १ टीबीची साधी हार्ड डिस्क अशी जोडी छान. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, म्हणून ती चपळ. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून ती सावकाश, पण तेवढ्याच जागेला स्वस्त. गंमत सांगू? आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बनवली. वजन एक टनाहून जास्त आणि जागा अवघी ५ एमबी. तेवढ्यात भाचीचा एकच फोटो मावला असता!

रॅम : रॅम म्हणजे काम करायचं टेबल. टेबल लहान असलं की वह्या खाली पडतात. ८ जीबी कमीतकमी, १६ जीबी असेल तर काम सुखाचं.

पडदा : फोटोवाल्यानं पैसे खर्चायचे ते इथे. 'आयपीएस' प्रकारचा पडदा घ्या. बाजूनं पाहिलं तरी त्यात रंग बदलत नाहीत. 'एसआरजीबी' हे रंगांचं एक ठरलेलं माप आहे, ते पडदा जवळजवळ पूर्ण दाखवतो का, ते विचारा. स्वस्त पडद्यावर शेंदूर गुलाबी दिसतो आणि मग आपण फोटोचे रंग उगाच बिघडवतो.

मेजावरचा की मांडीवरचा : लॅपटॉप कुठेही नेता येतो, वीज गेली तरी चालतो. पण तेवढ्याच पैशांत मेजावरचा कॉम्प्युटर जास्त ताकदीचा मिळतो, आणि पुढे त्याची रॅम-डिस्क वाढवणं सोपं जातं. आम्ही मेजावरचा घेतला आणि सोबत यूपीएस. फोटो डिस्कवर लिहिला जात असताना वीज गेली तर फाईल बिघडू शकते. यूपीएसनं दहा मिनिटं मिळाली तरी कॉम्प्युटर नीट बंद करता येतो.

वापरलेला चालेल का : आईबाबा, हे तुमच्यासाठी. चालेल, पण एक पाहून घ्या. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे वापरलेला घेताना तो विंडोज ११ चालवतो का ते विचारा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकूनही मजेत काम करता येतं. आणि हार्ड डिस्क मात्र वापरलेली घेऊ नका, नवीच घ्या.

प्रोग्रॅम : त्यासाठी एक रुपयाही नको. फोटो सुधारायला 'गिम्प', रॉ फोटोंसाठी 'डार्कटेबल', फोटो लावून ठेवायला 'डिजिकॅम'. तिन्ही मोफत, आणि तेही रीतसर!

या रविवारी करून पाहा

१. मोबाइल आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्या. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका.

२. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. २०२६-०१-१४ संक्रांत, असं. मग कॉम्प्युटर त्यांना आपोआप तारखेच्या क्रमानं लावतो.

३. आजी-आजोबांना जुना अल्बम काढायला सांगा. फोटो खिडकीजवळच्या उजेडात ठेवा आणि वरून सरळ टिपा. थेट ऊन किंवा फ्लॅश नको, चकाकी येते. फोटोत कोण आहे ते विचारून लगेच लिहून घ्या. फोटो उरतो, पण नावं विसरली जातात.

४. दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. तिच्यातले कुठलेही पाच फोटो उघडून पाहा. उघडले? शाब्बास!

५. घरातल्या माणसांचे फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यांना विचारा. घराबाहेर ठेवायची प्रत विश्वासातल्या माणसाकडेच ठेवा.

६. कॉम्प्युटर दुरुस्तीला नेण्याआधी घरातल्या सर्वांना विचारा, अगदी धाकट्यालासुद्धा, "यात तुझं काही आहे का?"

हा सहावा नियम आमच्या भाऊजींनी स्वतः कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवला आहे. भाची आता दर रविवारी रात्री जेवणं झाली की कपाटातली हार्ड डिस्क काढते. प्रत होईपर्यंत तिथेच बसून राहते. परवा तिनं माझ्या ताईचे, म्हणजे तिच्या आईचे, फोटो काढायला सुरुवात केली. गच्चीवर आजीच्या जागी आता ताई कुरड्या घालते.

"मला कशाला काढतीस गं?" ताई म्हणाली, आणि तिनं पदर हळूच सारखा केला.